तूट कोणाच्या खात्यावर?

बँकेतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. पण हिशेबाची वही हातात आली की आधी शेवटच्या पानावरची बेरीज पाहायची, ही सवय काही गेलेली नाही. परवा घाटमाथ्यावरच्या एका वाडीत जाण्याचा योग आला. ती पुतण्याची सासुरवाडी. त्याचा मेहुणा तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. त्याने मुलांसाठी गोष्टींची पुस्तके मागितली होती, ती पोचवायला गेलो होतो. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीच्या टोकाला खिचडीचे पातेले. पटावर १७ मुले. पुस्तकांचे गठ्ठे सोडून झाल्यावर बाईंनी चहा दिला. माझी उभी हयात बँकेत गेली, हे कळताच त्यांनी कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"काका, तुम्ही हिशेबातले. एवढी कीर्द जरा बघता का? ऑडिट आलंय आणि ८४ रुपयांचा ताळा काही केल्या लागत नाही."

ताळा दहा मिनिटांत लागला. फिनाइलच्या बाटलीची पावती दोनदा लिहिली गेली होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. मी मात्र त्या कीर्दीत अडकलो तो अडकलोच.

समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी शाळेला वर्षाला एक संयुक्त अनुदान मिळते. ते पटावर ठरते. ३० मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, त्यापुढे १०० मुलांपर्यंत २५ हजार, अशी चढती भाजणी. त्यातलाही दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. म्हणजे या शाळेने महिन्याला ८३३ रुपयांत वीजबिल, खडू, हजेरीपट, झाडू, गळका नळ, २६ जानेवारीची दोरी आणि खाऊ, सारे भागवायचे. शिपायाची जागा प्राथमिक शाळेला नसतेच. वर्ग झाडायचे ते बाईंनी आणि मुलांनी. मला वाटले, निदान हे १० हजार जूनमध्ये, शाळा उघडताना तरी मिळत असतील. बाई हसल्या.

"काका, आता खात्यात पैसे नसतातच. खर्चाची मर्यादा येते. गेल्या वर्षी ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. ३१ तारखेच्या आत खर्च केली नाही, की परत."

मार्चअखेर म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. पण बँकेत आम्ही मार्चमध्ये वर्षाचा हिशेब बंद करत असू. इथे वर्षाचा हिशेब मार्चमध्ये सुरू होतो! तोवरचे नऊ महिने वाण्याची उधारी आणि बाईंची पर्स यांवर शाळा चालते. मध्यंतरी दोनदा वीज तोडली गेली. ती जोडून घ्यायला वाडीने वर्गणी काढली.

आपण वर्तमानपत्रात 'शिक्षणाच्या निधीला कात्री' असे मथळे वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे कोटींचे आकडे येतात. ते खोटे नसतात. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातच ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती. एवढे भगदाड असले की कोणताही अर्थखात्याचा अधिकारी कुठे काय वाचवता येईल ते शोधणार, आणि ते त्याचे कामच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. तूट भरून काढली, असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ती खरोखर भरते, की नुसती एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर वळती होते?

वाडीतली ही शाळा बंद होणार, अशी कुजबुज वर्षदोन वर्षे चालू आहे. तिचे मूळ सप्टेंबर २०२३ मधल्या एका पत्रात आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या राज्यातल्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव पाठवा, असे शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्यांना कळवले होते. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळा पुढे होत्या. अशा छोट्या शाळा राज्यात जवळपास १५ हजार आणि त्यांतली मुले सुमारे १ लाख ८५ हजार. टीका झाल्यावर शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असे सरकारकडून सांगण्यात आले. मात्र मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे निकष बदलले, आणि छोट्या शाळांतल्या शिक्षकांच्या जागा टिकणे अवघड झाले. दाराला कुलूप न लावताही घर रिकामे करता येते.

आता जरा हिशेब मांडू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. दोघांचा मिळून वर्षाचा पगार १५ लाख धरला आणि त्याला १७ ने भागले, तर एका मुलामागे ८८ हजार रुपये पडतात. ऐकणारा लगेच म्हणतो, एवढ्यात तर मूल शहरातल्या चांगल्या इंग्रजी शाळेत शिकेल! हा भागाकार चूक नाही. पण शाळा बंद केली म्हणून हे १५ लाख वाचतात का? शिक्षक कायम नोकरीतले. त्यांचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते आणि पगार चालूच राहतो. त्या दिवशी वाचते ते एवढेच: वाडीचे १० हजारांचे अनुदान. अशा १५ हजार शाळा एका फटक्यात बंद केल्या, तर अनुदानाचे वाचतील १५ कोटी. ४५,८९१ कोटींच्या तुटीपुढे १५ कोटी! खरी बचत पुढे आहे. शिक्षक निवृत्त होतील तशा त्यांच्या जागा भरायच्या नाहीत, यात ती आहे. मग तसे सरळ सांगावे. 'गुणवत्तेसाठी एकत्रीकरण' हे नाव देऊन शिक्षकभरती टाळण्याचा हिशेब झाकू नये.

हे झाले सरकारी वहीचे एक पान. दुसरे पान कोणत्याच वहीत नाही. मोठी शाळा इथून साडेचार किलोमीटरवर, मध्ये ओढा. पावसाळ्यात सहा वर्षांचे पोर एकटे कोण पाठवील? वडापवाल्याने एका मुलाचे महिन्याला ५०० रुपये सांगितले, तर १० महिन्यांचे ५ हजार आणि १७ मुलांचे ८५ हजार. म्हणजे सरकारचे १० हजार वाचवायला वाडीने ८५ हजार घालायचे. ज्यांना ते परवडणार नाहीत, त्या घरची आई सोबत चालत जाईल. तिची रोजाची मजुरी बुडेल. पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, ही फार चांगली सोय. पण इथली मुले पहिली ते चौथीची आणि एसटीचा फाटा दोन किलोमीटर खाली. वाहतूक भत्त्याची तरतूदही आहे. तो वेळेवर येईल, असे ज्या पालकांनी अनुदान मार्चमध्ये येताना पाहिले आहे, त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि कुठल्यातरी घरात, मुलगी चौथीच्या आधीच धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहील. तो खर्च रुपयांत मांडता येत नाही, म्हणून तो शून्य धरला जातो.

हे मी वरच्या पट्टीत बोलतो आहे, असे वाचकांना वाटेल. तसा मला अधिकार नाही. नव्वदच्या दशकात मी बँकेच्या तपासणी विभागात होतो. तोट्यातल्या ग्रामीण शाखांचे काय करायचे, हा तेव्हा सगळ्याच बँकांपुढचा प्रश्न होता. अशा एका शाखेची तपासणी करून मी टिपण लिहिले: ठेवी कमी, कर्जे थकलेली, खर्च भरमसाट, शाखा तालुक्याच्या शाखेत विलीन करावी. टिपणातला एकही आकडा चुकीचा नव्हता. वरिष्ठांनी पाठ थोपटली, शाखा विलीन झाली, पुढच्या ताळेबंदात तोटा कमी दिसला. दोनेक वर्षांनी तालुक्याच्या शाखेत गेलो असताना निराधार योजनेचे पैसे घ्यायला आलेली एक म्हातारी ओटीवर बसली होती. मला ओळखून म्हणाली, "साहेब, जाऊन-येऊन बारा रुपये तिकिटाला जातात. अन् दिवस मोडतो तो निराळाच."

तो बारा रुपयांचा आकडा माझ्या टिपणात नव्हता. तो मी लपवला नव्हता. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. बँकेने जो तोटा कमी केला, तो गेला कुठे, याचे उत्तर ओटीवर बसले होते. तेव्हापासून कोणी 'बचत' म्हटले, की मी समोरची नोंद शोधतो. जमेला समोर नावे असलेच पाहिजे, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा.

छोट्या शाळा सगळ्याच टिकवाव्यात, असे मात्र मी म्हणणार नाही. तीन मुलांची शाळा ही मुलांसाठीही उदास जागा असते. खो-खोचा संघ होत नाही, स्पर्धा नाही, भांडायलाही कोणी नाही. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, त्यात निवडणुकीचे काम, ऑनलाइन माहिती भरणे आणि पोषण आहाराचे तांदूळ मोजणे. जवळ चांगली शाळा असेल आणि दारात खात्रीची गाडी येत असेल, तर पालक स्वतःच मुलांना तिकडे धाडतात. त्यांना कोणी पत्र पाठवावे लागत नाही. वाद शाळेच्या इमारतीचा नाही, क्रमाचा आहे. आधी गाडी, मग कुलूप. आपल्याकडे आधी कुलूप लागते आणि गाडीची फाइल फिरत राहते.

खर्च असा हळूच खाली सरकवण्याची आणखी एक गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय आला: अंडा पुलाव आणि खिरीची साखर यांसाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळा समितीला हवे असेल, तर लोकसहभागातून करावे. 'लोकसहभाग' हा शब्द कानाला किती गोड! पण ज्या वाडीतल्या मुलांना अंड्याची सर्वांत जास्त गरज, त्याच वाडीकडे वर्गणीला सर्वांत कमी पैसे. दत्तक शाळा योजनेचेही तेच. तीही सप्टेंबर २०२३ मधली, त्या पत्राच्या आठवड्यातलीच. गावातली शाळा पाच वर्षांसाठी ५० लाख, तर दहा वर्षांसाठी एक कोटी मोलाच्या वस्तू-सेवा देऊन दत्तक घ्यावी आणि देणगीदाराने हवे तर आपले नाव शाळेच्या नावाला जोडावे. हमरस्त्यावरच्या, दोनशे पटाच्या शाळेला दाता मिळेलही. ओढ्यापलीकडच्या १७ मुलांच्या शाळेवर पाटी लावून ती वाचणार कोण?

लोकांनी शाळांसाठी द्यावे, ही आपल्याकडे जुनी रीत आहे. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत, म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. पण ते परके सरकार होते आणि खेड्यातल्या पोराची जबाबदारी ते मानत नव्हते. आता ती जबाबदारी कायद्याने सरकारची आहे, आणि तिच्यासाठी लोकांनी पैसे आधीच दिलेले आहेत. शहरातल्या वाचकांनी घरपट्टीचे बिल काढून पाहावे. त्यात शिक्षण कर दिसेल. तो १९६२ च्या कायद्याचा. प्राप्तिकरावर २००४ पासून शिक्षण उपकर आहे, २०१८ पासून आरोग्य धरून तो चार टक्के झाला. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच दाखवले होते: सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्यांच्या वाट्याला जातो. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असे सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा छापला. मधल्या काळात तो आपण एकदाही गाठला नाही.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी मोठ्यांनी कराव्यात. हिशेबाच्या माणसाला सुचतात त्या तीन लहान गोष्टी मागतो. पहिली, शाळेचे १० हजार जूनमध्ये द्या. याला एक पैसाही जास्त लागत नाही. दुसरी, कोणतीही शाळा हलवण्यापूर्वी तिथल्या घरांचा खर्च लिहा: अंतर, गाडीभाडे, बुडणारी मजुरी, आणि तो सरकारी बचतीच्या शेजारच्या रकान्यात मांडा. तिसरी, शिक्षणाच्या नावाने गोळा झालेला कर किती आणि जिल्ह्याच्या शाळांपर्यंत पोचला किती, हे प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिले जाऊ द्या. फळा मोठा असतो, खडूही बाईंनी स्वतःच्या पैशाने आणलेला असतो.

निघताना बाईंनी माझी पुस्तके साठा नोंदवहीत लिहून घेतली आणि किंमत विचारली. "भेट आहे, बाई," मी म्हटले. "भेट असली तरी रकाना रिकामा ठेवता येत नाही, काका," त्या म्हणाल्या. किती शहाणे वाक्य होते ते! ४० पुस्तकांची किंमत लिहिल्याशिवाय ज्या शाळेची वही पुरी होत नाही, त्या शाळेतल्या १७ मुलांच्या घरांचा रकाना मात्र वरच्या प्रत्येक कागदावर रिकामा आहे. तो भरला जाईपर्यंत, शाळा बंद केल्याने पैसे वाचले, असे निदान हिशेब कळणाऱ्याने तरी म्हणू नये.