मला एक कायदा करता आला, तर घर नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागेल

एकच नवा कायदा करण्याची मुभा मिळाली, तर तुमच्यापैकी बरेच जण द्वेष पसरवणाऱ्या भाषणांकडे, आरक्षणाकडे किंवा पोलिसांच्या मनमानीकडे वळतील. मी घरभाड्याकडे वळेन. धर्म, जात, लिंग किंवा भाषा पाहून कुणालाही घर भाड्याने देणे किंवा विकणे नाकारता येणार नाही, एवढाच माझा कायदा. मित्रांना सांगितले की ते म्हणतात, असा कायदा असेलच की! संविधानात समता आहे ना?

तिथेच गफलत होते. कलम १५ चा पहिला भाग भेदभावाला मनाई करतो, पण ती सरकारला. खासगी माणसाला बांधणारा भाग दुसरा. त्यात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची यादी आहे. घर नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो व्यापक सांगितला होता. न्हावी आणि धोबीही त्यात येतात. २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच व्यापक अर्थाच्या आधारे खासगी शिक्षणसंस्थाही या कलमाखाली आणल्या. त्याच न्यायाने भाड्याचा फ्लॅटही यायला हवा. पण अकरा महिन्यांच्या करारासाठी कोण भाडेकरू दिल्लीपर्यंत भांडत जाणार? त्याला पहिल्या तारखेच्या आत सामान टाकायला छप्पर हवे असते.

घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. १९१७ मध्ये अमेरिका आणि लंडनमध्ये शिकून ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राकडेही सोय झाली नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

अस्पृश्यतेच्या बाबतीत या देशाने पुढे कायदा केला. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आहे, आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्या वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडवणे हा त्यात गुन्हा आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा आणि कडू विषय. पण राहण्याची जागा हा केवळ मालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही, हे तत्त्व आपल्या कायद्याने तेव्हाच मान्य केले. मी ते थोडे पुढे न्यायला सांगतोय.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. माझ्या खालाच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली. फोनवर ब्रोकरशी बोलणे झाले, भाडे ठरले, डिपॉझिट ठरले, शनिवारी चावी घ्यायला या म्हणाला. मग विचारले, "मॅडम, पूर्ण नाव?" तिने सांगितले. तो दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, "सोसायटीला चालत नाही हो, माझं काही नाही." पुढच्या तिघांनीही हेच वाक्य म्हटले. मालक म्हणतो सोसायटी, सोसायटी म्हणते मालक, ब्रोकर म्हणतो दोघे. नकार सगळे देतात, देणारा मात्र सापडत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात याच व्यवहाराची पद्धतशीर चाचणी घेतली होती. २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेल्या त्या अभ्यासात सर्वांत जास्त नकार मुस्लिमांच्या वाट्याला आले होते, त्यांच्या मागोमाग दलितांच्या.

म्हणून माझ्या कायद्याचा पहिला धक्का मालकाला नाही, ब्रोकरला बसेल. रेराखाली विक्रीचे व्यवहार करणाऱ्या एजंटला नोंदणी करावी लागते; फक्त भाड्याची घरे दाखवणारा मोकळा असतो. त्यालाही नोंदणी सक्तीची. 'अमुक समाज चालणार नाही' अशी जाहिरात किंवा तोंडी निरोप पोहोचवला, तर नोंदणी रद्द. जाहिराती दाखवणाऱ्या वेबसाइटलाही तेच. नकार द्यायचा असेल तर तो लेखी, कारणासह, सात दिवसांत. तुरुंग नको. तुरुंगाची भीती घातली की पोलीस ठाण्यात तडजोडी सुरू होतात आणि निकाल दहा वर्षांनी लागतो. भरपाई हवी, आणि ती लवकर.

पुराव्याचे काय? अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ ला, फेअर हाउसिंग कायदा झाला. तिथे सारख्याच पगाराची, वेगवेगळ्या वर्णाची दोन माणसे एकाच घरासाठी पाठवून पडताळणी करतात. अशी पडताळणी पुरावा म्हणून धरली जावी, आणि मग भेदभाव केला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर यावी. त्या कायद्यात एक शहाणी सूटही आहे. जो मालक स्वतः त्याच छोट्या इमारतीत राहतो, त्याला बऱ्याच अंशी मोकळीक मिळते. आपल्याकडे कुणी स्वतःच्या घरातली एक खोली देत असेल, स्वयंपाकघर एकच असेल, तर त्याने शाकाहारी माणूस निवडावा. माझी तक्रार नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये मी काय शिजवतो, हा तळमजल्यावरच्या सेक्रेटरीचा विषय होऊ शकत नाही.

सोसायट्यांचा प्रश्न अवघड आहे. २००५ मध्ये झोरोस्ट्रियन हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा अहमदाबादच्या एका सोसायटीचा उपनियम वैध ठरवला. लहान, आक्रसत चाललेल्या पारशी समाजाची बाजू मला समजते. पण तोच निर्णय शहरातल्या बलाढ्य समाजांच्या हातात पडला की त्याची भिंत होते. शिवाय ही भिंत फक्त आपल्यासाठी नसते. २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. तो राग योग्यच होता. तोच राग तुमच्या-माझ्या नावावरून नकार मिळाल्यावर का दिसत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

कायदा उलटाही वापरता येतो, हे विसरू नका. गुजरातचा १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा मुळात दंगलीच्या धाकाने कवडीमोलाने घर विकावे लागू नये म्हणून होता. आज तो दोन समाजांमधली घरांची खरेदी-विक्री अडवायला वापरला जातो. म्हणून माझ्या कायद्यात 'परिसराचे स्वरूप' असले मोघम शब्द नकोत.

आता थोडे आपल्याबद्दल. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्रा फुगला, कारण तिथे नाव विचारून दार बंद होत नव्हते. पण आपल्या मोहल्ल्यांतही एकट्या राहणाऱ्या मुलीला, घटस्फोटित बाईला, दुसऱ्या मसलकच्या माणसाला, बौद्ध कुटुंबाला खोली देताना काय होते, हे आपल्याला माहीत आहे. माझा कायदा कोंढव्यातल्या मुस्लिम मालकालाही तितकाच लागू होईल. ते मान्य नसेल, तर मग आपण समता मागत नसून फक्त आपली सोय मागतो आहोत.

हे स्वप्नरंजन आहे का? सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला होता. खासदार शशी थरूर यांचे भेदभावविरोधी खासगी विधेयकही संसदेत पडून राहिले. दिल्लीची वाट पाहायची गरज मात्र नाही. सहकारी संस्था हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे, आणि घरभाड्यावर महाराष्ट्राने १९९९ मध्ये स्वतःचा कायदा केलेला आहे. जातपंचायतींच्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध विधानसभेने २०१६ मध्ये कायदा मंजूर केला, तेव्हाही 'हा लोकांचा खासगी मामला' असे म्हणणारे होतेच.

तोवर एक काम करा. नकार फोनवर घेऊ नका. ब्रोकरला म्हणा, व्हॉट्सअॅपवर लिहून पाठव. तारीख, पत्ता, भाडे, नकाराचे शब्द आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. फ्लॅट विकत घेताना सोसायटीने सभासदत्व अडवले, तर १९६० च्या सहकार कायद्यात खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे. निबंधकाकडे लेखी दाद मागा. आमदार समोर येऊन 'असं कुठे घडतं?' असं विचारतील, तेव्हा आपल्याकडे गाऱ्हाणी नको, फाइल हवी.