घेरेकऱ्यांचा वाटा

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत मावळातील लोहगड आहे. मळवली स्थानकावर उतरून भाज्यावरून गडाची वाट धरणाऱ्या प्रत्येकाला याचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच. परंतु हा गड अभिमानावर उभा राहिला नाही. बोरघाटातून कोकण आणि देश यांच्यात होणाऱ्या ये-जा वर नजर ठेवणारे ते ठाणे होते, आणि ठाणे म्हटले की खर्च आलाच.

पुरंदरच्या तहात 1665 साली मोगलांना द्यावा लागलेला लोहगड महाराजांनी 1670 मध्ये परत घेतला. पुढे 1671-72 मध्ये गडकोटांच्या बांधकामासाठी 1,75,000 होनांची तरतूद झाल्याचे कागदपत्रांतून दिसते. त्या यादीत लोहगडाचेही नाव आहे. शिवाय पहारा केवळ तटावरच्या शिबंदीवर सोडलेला नव्हता. गडांच्या घेऱ्यातील रामोशी, कोळी, महार रात्रंदिवस वाटा राखीत आणि त्याबद्दल त्यांना जमिनी मिळत. ती मेहेरबानी नव्हती, मोबदला होता.

आज महाराष्ट्राची उघडी सीमा घाटाखाली, समुद्रावर आहे. फेब्रुवारी 1993 मध्ये रायगड जिल्ह्यातील शेखाडीला आरडीएक्स उतरले, तेव्हा राखणदारांपैकीच काही विकले गेले होते. 26 नोव्हेंबर 2008 रोजी ‘कुबेर’ ही आपलीच मासेमारी नौका पळवून दहा दहशतवादी मुंबईपर्यंत पोहोचले. 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरला तीन एके-47 असलेली बेवारस नौका लागली. ती इंजिन बंद पडून भरकटलेली निघाली, त्यात घातपात नव्हता, हे सुदैव. पण शस्त्रे घेऊन ती किनाऱ्याला लागेपर्यंत तिला कोणी अडविले नव्हते.

किनारी सुरक्षा योजना 2005 पासून आहे. सागरी पोलीस ठाणी आणि वेगवान नौका यांसाठी केंद्राने निधी दिला. पोलीस हा राज्याचा विषय असल्याने माणसे राज्याने द्यावयाची. अडचण येथेच आहे. नौकेचे लोकार्पण समारंभाने होते. तिचे इंजिन वेळेवर उघडून पाहणे, समुद्राची सवय असलेला तांडेल कायम नोकरीत घेणे, यासाठी मात्र हार-तुरे लागत नाहीत आणि म्हणून पैसाही निघत नाही. लोहगडापासून जवळच, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर 1945 पासून नौदलाची तांत्रिक माणसे घडविली जातात. यंत्राची निगा हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे नौदलाला उमगले; राज्याच्या तिजोरीला ते कधी उमगणार?

घुसखोरी रोखा, अशी मागणी सभांतून होते, आणि ती रास्त आहे. पण कोणती नौका कोणाची, तिच्यावरील खलाशी कोण, हे प्रत्येक बंदरावर तपासावयाचे तर तेथे पगारी माणूस बसवावा लागतो. घोषणा देणाऱ्यांनी या पगाराची मागणीही तेवढ्याच जोराने केली पाहिजे.

सागर रक्षक दलातील कोळी बांधव हेच आजचे घेरेकरी. संशयित नौकेची खबर देण्यासाठी त्यांनी जाळे ओढून घ्यावे, दिवसाची मासळी सोडावी आणि मोबदल्यात शाबासकी घ्यावी, हा न्याय नव्हे. त्यांना मानधन, विमा आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई मिळावी. हा खर्च केंद्र व राज्य यांनी वाटून घ्यावा. त्यात नागपूरच्या करदात्याचाही वाटा असावा, कारण मुंबईवरचा घाव नागपूरलाही लागतो.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात कोकणच्या आमदारांनी गृहखात्याला एवढेच विचारावे: सागरी पोलिसांच्या किती नौका आज पाण्यात आहेत आणि किती धक्क्याला बांधून आहेत?