शहराकडे चला, पण कोणत्या शहराकडे?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याचे खरे रूप उघडे केले. अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयवादाचे आगर असलेल्या खेड्याऐवजी व्यक्ती हा घटनेचा घटक मानला, याचे त्यांना समाधान होते. त्याआधी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती. गावकुसाबाहेरचे जिणे सोडा, हा त्या साऱ्याचा अर्थ. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याच्या २७ लाख ७२ हजार लोकसंख्येपैकी पाचातले जवळपास चार लोक खेड्यातच होते. आज कापूस-सोयाबीनच्या मजुरीवर पोट भरत नाही आणि मुले बारावी होतात, तेव्हा आपली कुटुंबे गाव सोडतात. प्रश्न असा की, जायचे कुठे? पुणे, नागपूर, की यवतमाळ, वणी, पुसद?

पहिले उत्तर बहुधा पुणे असते. पुणे पुरोगामी, असे म्हणतात. महात्मा फुल्यांनी १८४८ मध्ये तिथेच मुलींची शाळा काढली हे खरे. पण पेशवाईही तिथलीच! शहराच्या नावाला लागलेले विशेषण आपल्याला खोली मिळवून देत नाही. घरमालक आडनाव विचारतो, मग 'शाकाहारी आहात का?' असे विचारतो आणि शेवटी 'खोली गेली' म्हणतो. शहर पुरोगामी आहे की नाही, हे व्यासपीठावरच्या भाषणांवरून नव्हे, तर आडनाव सांगितल्यावर खोली मिळते की नाही यावरून ठरवावे.

कायदा काय म्हणतो? अनुच्छेद १९(१)(ङ) प्रमाणे देशात कुठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे गुन्हा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच घडले असे कलम १२ प्रमाणे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. हे किती जणांना ठाऊक आहे? मात्र दुसरी बाजूही पाहा. २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारी उपविधी वैध मानली. म्हणजे मोठ्या शहरात सोसायटीच्या नावाखाली नवे गावकूस उभे राहू शकते. म्हणून केवळ मोठेपणा पाहून शहर निवडू नका.

दुसरी कसोटी पायांची. शाळा, दवाखाना, वाचनालय, विहार आणि कामाचे ठिकाण पायी गाठता येते का? बाई रात्री एकटी चालत घरी येऊ शकते का? जुन्या यवतमाळात बसस्थानक, बाजार, शाळा चालत गाठता येतात. पाटीपुऱ्यासारख्या वस्तीत चळवळ दारातच आहे. महानगराच्या टोकाला स्वस्त खोली घेतली, तर भाड्यात वाचलेले पैसे बस आणि रिक्षा खाऊन टाकतात.

तिसरी कसोटी पाण्याची आणि कागदाची. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह आटले आणि यवतमाळकर टँकरमागे धावले. तेव्हा नळाला किती दिवसांनी पाणी येते, हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय घर घेऊ नका. शहराभोवती 'स्वस्त प्लॉट'चे फलक लागतात. आयुष्यभराची पुंजी देताना आपला माणूस स्टॅम्पपेपरवरच्या नोटरीवर विश्वास ठेवतो. नोटरी म्हणजे मालकी नव्हे! शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. मुखत्यारपत्रावरच्या व्यवहारांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. सातबारा, अकृषक आदेश आणि मंजूर लेआऊट पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

काही लोक म्हणतील, लहान शहरात संधी नाहीत. म्हणणे खरे आहे. म्हणूनच आधी मुलांना पाठवा, घर नंतर हलवा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यातून जेवण व निवासासाठी रक्कम मिळते. मुलगी नागपुरात शिकेल, आईवडील यवतमाळात भाड्याने राहतील, वर्षभर शहर पारखतील आणि मगच प्लॉटचा विचार करतील. कर्जाच्या घरापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे.

आणि ज्यांनी आधीच शहरात पाय रोवले, त्यांचीही जबाबदारी आहे. आपली एक खोली रिकामी असेल, तर गावाहून आलेल्या विद्यार्थ्याला ती परवडेल अशा भाड्याने द्या. शहरात वकिली करणाऱ्यांनी प्लॉटचे कागद फुकट तपासून द्यावेत. मागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवले नाही, तर गावकूस आपणही शहरात आणले असेच म्हणावे लागेल.