परसदार एक रविवार उघडं ठेवा

चाकण-महाळुंगे भागातल्या बऱ्याच जमिनी कारखान्यांकडे गेल्या. घरामागची परसबाग मात्र अजून तुमचीच आहे. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, कुंपणाचा शेवगा, मांडवावरची तोंडली, गवती चहा. यात बघण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल.

इंग्लंडात १९२७ साली लोकांनी आपल्या ६०९ खाजगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन खुल्या केल्या. तो पैसा घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांच्या कामी लागला. ही प्रथा तिकडे आजही चालू आहे.

आपणही वर्षातला एक रविवार ठरवावा. पिंपरी-चिंचवडच्या वसाहतींत गाव सोडून आलेली कितीतरी कामगार कुटुंबं राहतात. दहा रुपये देऊन ती मुलाबाळांसह आनंदाने येतील.

मात्र तीन गोष्टी पाळा. बाग जिच्या हातची, होकार तिचा. परसबाग बहुधा घरातली बाईच सांभाळते. त्या आठवड्यात औषध फवारू नका. आणि जमलेला पैसा शाळेला किंवा आरोग्य उपकेंद्राला देऊन पै-पैचा हिशोब सरपंचांनी ग्रामसभेत वाचून दाखवावा. हिशोब झाकला, तर पुढल्या वर्षी कुणी दार उघडणार नाही.