ससोबा कुठे गेले?

दोस्तहो, आज रात्री जेवताना एक प्रयोग करा. पानं वाढून झाली की कुणाकडेही न बघता, अगदी सहज म्हणा, "ललिताजी." बस्स, एवढंच. पुढे काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. आई हसेल, बाबांचा घास हातातच राहील आणि आजी म्हणेल, "अगं बाई, तुला कुठून कळलं हे?" त्यानंतर निदान अर्धा तास तुम्हाला कुणी अभ्यासाचं विचारणार नाही, पैज!

कोण या ललिताजी? पांढऱ्या-निळ्या साडीतल्या, बाजारात चोख हिशेब करणाऱ्या बाई. त्या होत्या सर्फ या धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत. ती भूमिका कविता चौधरी यांनी केली होती. पुढे १९८९ साली 'उडान' ही दूरदर्शन मालिका आली, तीही त्यांचीच. आता गंमत ऐका. ही जाहिरात दुसऱ्या एका जाहिरातीला दिलेलं उत्तर होती! अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरीच पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. मुलगी निरुपमा, तिच्या नावावरून पावडरीचं नाव निरमा. पुड्यावर गिरकी घेणारी, पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी. पावडर स्वस्त आणि जाहिरातीचं गाणं सगळ्यांच्या तोंडी, त्यामुळे गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. मग महाग पावडरवाल्यांनी ललिताजींना पुढे केलं. स्वस्त वस्तू घेणं आणि चांगली वस्तू घेणं यांत फरक असतो, हे त्या पटवून द्यायच्या. म्हणजे बघा, घरोघरी लोक गाणी गुणगुणत होते आणि पडद्यावर चाललं होतं दोन दुकानदारांचं भांडण!

पण ही जाहिरात घरातल्या सगळ्यांना एकदम कशी आठवते? त्यासाठी जरा मागे जाऊ या.

महाराष्ट्राला जाहिरातीची पहिली गोडी लावली ती रेडिओनं. १९६७ साली आकाशवाणीनं विविध भारतीवर जाहिराती सुरू केल्या, त्या आपल्याच मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून. मग २ ऑक्टोबर १९७२ या दिवशी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचं चित्र पुण्यातही दिसू लागलं. दूरदर्शनवर जाहिराती आल्या १ जानेवारी १९७६ पासून.

तेव्हाचा टीव्ही म्हणजे लाकडी खोकं. काहींना तर कपाटासारखी सरकती दारं असायची. चित्र काळं-पांढरं, रंग आले १९८२ साली. टीव्ही ठेवायला चक्क सरकारी लायसन्स लागायचं! गच्चीवर अँटेना. वारा सुटला की ती फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एकानं गच्चीवर चढायचं, दुसऱ्यानं खिडकीत उभं राहायचं आणि तिसऱ्यानं टीव्हीसमोरून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" चाळीत एखाद्याच घरी टीव्ही. शनिवारी मराठी सिनेमा असला की त्या घरच्या काकूंना स्वतःच्याच घरात बसायला जागा मिळायची नाही.

आणि कार्यक्रम तरी किती आपले! मुलांसाठी 'किलबिल', हसायला 'गजरा', शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं'. हा शेवटचा कार्यक्रम शहरातली मुलंही बघायची. कधी कुंडीतही काही न पेरलेल्या मुलाला कपाशीवरच्या किडीची नावं पाठ! चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरची 'चिमणराव' मालिका लागली की रस्ते सामसूम. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. 'साप्ताहिकी'त पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगत, तेव्हा लोक कागद-पेन घेऊन बसायचे. बातम्या देणाऱ्यांमध्ये होते तुमच्यासाठी कविता आणि गोष्टी लिहिणारे अनंत भावे, आणि पुढे मोठी अभिनेत्री झालेली स्मिता पाटीलही. मध्येच चित्र गेलं की पाटी यायची, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. कितीतरी मुलांनी 'क्षमस्व' हा शब्द शाळेत नव्हे, तिथेच शिकला, बरं का!

जाहिरातींमध्ये माझा सगळ्यात लाडका म्हणजे लिज्जत पापडाचा ससा. कुरकुर पापड खाऊन विचित्र हसायचा. हा ससोबा म्हणजे एक बाहुला. तो घडवला होता आपल्या रामदास पाध्ये यांनी. हो, तेच शब्दभ्रमकार, अर्धवटरावांना बोलतं करणारे! 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू पाहून तुम्ही पांघरुणात शिरला असाल ना? तोही त्यांचाच. म्हणजे हसवणारा ससा आणि घाबरवणारा तात्या, दोघं सख्खे भाऊ! आणि पापड कुणाचे? १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली अवघी चार पाकिटं. पुढे हजारो बायकांना त्यातून स्वतःची कमाई मिळाली.

आता मला सांगा, सतराचा पाढा दोन दिवसांत विसरतो, मग चाळीस वर्षांपूर्वीची जाहिरात कशी आठवते? चाल असते, यमक असतं, तेच तेच रोज कानावर पडतं, हे तर खरंच. पण आणखी एक कारण आहे. तेव्हा वाहिनी एकच होती. जाहिरात लागली की पळायला जागाच नव्हती! मालकाचा मुलगा आणि कामवाल्या मावशींचा मुलगा, मुंबईचे मामा आणि पुण्याची आत्या, सगळे त्याच वेळी तेच बघत. दुसऱ्या दिवशी शाळेत एकानं सुरुवात केली की पूर्ण वर्ग पुढची ओळ म्हणायचा. आज एकाच सोफ्यावर ताई आणि दादा बसलेले असतात, पण तिच्या फोनवर वेगळी जाहिरात, त्याच्या फोनवर वेगळी. दोघंही पाच सेकंद मोजतात आणि 'स्किप' करतात. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा जुना वर्गमित्र भेटला, तर दोघांनी मिळून काय गुणगुणाल? विचार करून बघा.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं, असं मुळीच नाही हं. त्या जाहिरातींत धुणं धुणारी नेहमी बाईच असायची. बाबा फक्त स्वच्छ शर्ट घालून ऑफिसला निघायचे! शिवाय जाहिरातीचं काम तेव्हाही एकच होतं आणि आजही तेच आहे: आपल्या खिशातले पैसे बाहेर काढणं. गाणं गोड म्हणून वस्तू चांगली, असं नसतं. हे आई-बाबांनाही आठवून द्या, ते आठवणीत फार रमले तर!

पण एक गोष्ट मात्र मनाला लागते. हे सगळं गेलं कुठे? त्या काळी चित्रमुद्रणाची टेप फार महाग होती. त्यामुळे एक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा मुद्रित करत. बातम्या तर थेटच वाचल्या जात. सुरुवातीच्या वर्षांतलं कितीतरी असं कायमचं पुसलं गेलं. आणि जाहिराती? त्या जपून ठेवाव्यात असं कुणाला वाटणार! थोड्याफार वाचल्या त्या एका गमतीनं. घरोघरी व्हीसीआर आले, तेव्हा लोकांनी टीव्हीवरचे सिनेमे टेप केले, आणि मधल्या जाहिराती फुकटात आत येऊन बसल्या. सिनेमा आज कुठेही मिळतो. त्या टेपचं मोल आता जाहिरातींसाठी! पण आपल्या दमट हवेत टेपला बुरशी लागते. प्रसार भारतीनं जुने कार्यक्रम जपून लोकांसाठी इंटरनेटवर खुले करायला घेतले आहेत, ते चांगलंच झालं. पण जे कुठेच मुद्रित नाही, ते आता फक्त एका जागी शिल्लक आहे. आजी-आजोबांच्या डोक्यात. आणि मुलांनो, त्या जागेची दुसरी प्रत निघत नाही.

म्हणून हा या आठवड्याचा उद्योग:

१. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा: पहिला टीव्ही कुणाच्या घरी, कुठल्या गावी पाहिला? टीव्ही नसेल तर रेडिओ कुठे ऐकला?

२. त्यांना आठवणारी एक जाहिरात म्हणायला सांगा आणि फोनवर त्यांचा आवाज टिपून घ्या. चाल चुकली तरी चालेल, हसू आलं तर फारच छान.

३. ती जाहिरात कुणाला काय विकत होती, आणि घरात ती वस्तू खरंच यायची का, तेही विचारा. वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

४. माळ्यावर जुनी टेप सापडली तर घाईनं व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशीनं ती तुटेल. मोठ्यांना सांगून जाणकाराकडून तिची प्रत काढून घ्या.

आणि आई-बाबांनो, हे पान तुम्हीही चोरून वाचता, ठाऊक आहे आम्हाला! मुलं विचारायला आली की "नंतर सांगतो" म्हणू नका. मधल्या ब्रेकची वाट बघत बसलात, तर कार्यक्रमच संपून जायचा.

चला तर, वही काढा. ससोबा आजोबांकडेच लपलेत, पण त्यांना बाहेर बोलवायला तुम्हीच हवेत!