बोर्डावर ‘आराम’ लिहा, ‘इलाज’ नको



मालिशच्या व्यवसायावर व्हिडिओ करा, अशी मागणी बरेच दिवस होती. कुणाचं सलून आहे आणि मागची खोली रिकामी आहे. कुणी पार्लरला जोडून मालिश सुरू करतंय. कुणी ताई घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीची मालिश करतात आणि आता दोन बायका हाताखाली घ्यायच्या विचारात आहेत. भांडवल, जागा, तेलाचा खर्च हे सगळं व्हिडिओत सांगितलंय. इथे फक्त एका गोष्टीबद्दल लिहितो, कारण ती चुकली तर बाकीचा हिशोब कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही. ती म्हणजे तुमचा बोर्ड.

बहुतेकांच्या डोक्यात बोर्डाचा मजकूर ठरलेला असतो. मधुमेह, बीपी, संधिवात, लकवा, वाढलेलं वजन, सगळ्यांवर रामबाण. माझं मत स्पष्ट आहे: ही यादी पुसा. मालिश आराम देते, तो विका. इलाज विकायला जाऊ नका.

आता कांजूरमार्गचंच उदाहरण घ्या. सकाळी स्टेशनवर उभं राहा. लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून माणसं उतरतात आणि रिक्षा-बस पकडून पवईच्या ऑफिसांकडे जातात. दिवसभर स्क्रीनसमोर बसतात आणि संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी. पूर्वेला आणि पश्चिमेला सोसायट्या आहेत, चाळी आहेत, दिवसभर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या गृहिणी आहेत, दुकानात उभं राहून पोटऱ्या भरून येणारी माणसं आहेत. यांचं दुखणं काय? आखडलेली मान, जड खांदे, कंबर, पाय. तुमचं गिऱ्हाईक हेच आहे. त्याला लकव्यावरचा रामबाण नकोय. त्याला आज रात्री नीट झोप हवीये.

आणि हे देणं मालिशला खरंच जमतं. ताणलेले स्नायू सैल होतात, दुखणं काही काळ कमी होतं, मन शांत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम आणि इतर उपायांबरोबर मालिशचंही नाव आहे. ‘बरोबर’ हा शब्द महत्त्वाचा. मालिश ही व्यायामाची जोडीदार आहे, त्याच्या जागी येणारी गोष्ट नाही. फायदाही बऱ्याचदा थोड्या काळापुरता असतो. पण धंद्याच्या नजरेने बघा, थोड्या काळाचा आराम म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येणार. यात लाजण्यासारखं काय आहे?

काय होत नाही, तेही समजून घ्या. चोळल्याने चरबी वितळत नाही. ‘शरीरातलं विष बाहेर पडतं’ हे वाक्य तर सगळीकडे दिसतं, पण ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, तुमचा हात नाही. मालिशनंतर शांत वाटतं, म्हणून बीपीची गोळी बंद करता येत नाही.

खरा दावा कसा करावा, याचा नमुना आपल्याच लाईनवर आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या नवजात शिशू विभागाने बाळांच्या मालिशवर अभ्यास केला. तो २००५ साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये छापून आला. काही बाळांना खोबरेल तेलाने मालिश केली, काहींना मिनरल ऑइलने, काहींना तेलाशिवाय. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या ज्या बाळांना खोबरेल तेल लावलं, त्यांचं वजन जास्त वेगाने वाढलं. वर्तन आणि प्रतिसादाच्या चाचण्यांत मात्र तिन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. म्हणजे ‘अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन वाढायला मदत झाली’ एवढं म्हणता येतं. ‘मालिशने बाळ हुशार होतं’ असं म्हणता येत नाही. तुमच्या पत्रकातही एवढीच शिस्त हवी.

यावर लगेच प्रश्न येतो, “सर, बाजूचा तर ‘सर्व रोगांवर’ लिहितो. मी नाही लिहिलं तर माझ्याकडे कोण येणार?”

साधा हिशोब करू. समजा तुमचा दर ६०० रुपये आहे. खांदे दुखतात म्हणून आलेल्या माणसाला बरं वाटलं, तो महिन्यातून एकदा आला, तर वर्षाचे ७,२०० रुपये झाले. वर तो ऑफिसातल्या दोघांना पाठवतो. आता शुगर उतरेल म्हणून आलेला माणूस बघा. तीन वेळा येईल, १,८०० रुपये देईल, रिपोर्ट करेल आणि आकडा तिथेच दिसला की निघून जाईल. जाताना सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव घेऊन जाईल. आणि त्याने तुमच्या बोर्डावर विश्वास ठेवून गोळ्याच बंद केल्या असतील तर? तो हिशोब रुपयांत मांडता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, लठ्ठपणा, संधिवात ही नावं आहेत. या रोगांवर औषध म्हणून तुमच्या तेलाची जाहिरात कराल तर अडचणीत याल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छोटं दुकान आहे म्हणून कुणी बघत नाही, या भ्रमात राहू नका. आज प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात कॅमेरा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चांगल्या मालिशवाल्याची ओळख तो कुणाला हात लावत नाही यावरून होते. गिऱ्हाईक आडवं होण्याआधी एवढं विचारा: ताप आहे का? एकाच पायाला सूज येऊन दुखतंय का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? नुकतं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालंय का? गरोदर आहात का, कॅन्सरचे उपचार चालू आहेत का? एकाच पायाची दुखरी सूज म्हणजे आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तिथे हात लावू नका, डॉक्टरकडे पाठवा. कंबरदुखीबरोबर पाय बधिर होत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर थेट हॉस्पिटल. बाकीच्यांना ‘डॉक्टरांना विचारून या’ सांगा. आजचे ६०० गेले तरी चालतील.

सलूनवाल्या मित्रांनो, मानेचा ‘कटका’ आजपासून बंद. झटक्याने मान फिरवल्यावर मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. गिऱ्हाईक मागेल, हसेल, तरी नाही म्हणा.

आणि मालिशवाल्या ताई-मावशींनो, तुमच्या हातात सव्वा महिना एक घर विश्वासाने बाळ देतं. नाका-कानात तेल सोडू नका, बंद खोलीत धुरी देऊ नका. सासूबाई आग्रह करतील, तेव्हा ‘डॉक्टर नको म्हणतात’ एवढं शांतपणे सांगा. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पोटाला हात लावू नका. अशी मालिशवाली एका घरातून दुसऱ्या घरात आपोआप जाते, तिला जाहिरात लागत नाही.

या व्यवसायाकडे लोक आधीच जरा संशयाने बघतात. खोटे दावे करून आपण तो संशय वाढवतो आणि त्याची किंमत प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला मोजावी लागते.

तर या आठवड्याचं काम: जुना मजकूर काढा आणि पेंटरला हा द्या. ‘मान, खांदे, कंबर, पाय. ४५ मिनिटं. थकवा आणि दुखण्यात आराम. डॉक्टरांची औषधं चालू ठेवा.’ खाली दर लिहा, वेळ लिहा. नवीन बोर्डाचा फोटो पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.