रुस्तमजी आज लिहू शकले असते का?

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला लागलं की साधारण तीस किलोमीटरवर टेकनपूर लागतं. सीमा सुरक्षा दलाची, म्हणजे बीएसएफची अकादमी १९६६ पासून इथेच आहे. जानेवारी २०१८ मध्ये देशभरच्या पोलीस महासंचालकांची परिषद इथे झाली, पंतप्रधानही आले होते. आवारातल्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव आहे रुस्तमजींचं. आपल्याकडच्या किती जणांना ठाऊक आहे की हा माणूस नागपूरजवळच्या कामठीचा?

खुसरो फरामुर्झ रुस्तमजी, जन्म १९१६. घर पारशी. १९३८ साली ते जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पोलिसात दाखल झाले. १९५२ ते ५८ या काळात ते आयबीत होते आणि पंडित नेहरूंच्या सुरक्षेचे प्रमुख होते. मार्च १९५५ मध्ये नागपुरातच एक रिक्षावाला चाकू घेऊन नेहरूंच्या गाडीवर चढला, तो याच काळात. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ ला प्रांताचे तुकडे झाले. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, बालाघाट-बैतूल मध्य प्रदेशात राहिले. रुस्तमजींच्या वाट्याला मध्य प्रदेश आला. माणूस नागपूरकडचा, नोकरी भोपाळची. सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९५८ पासून ते मध्य प्रदेशाचे पोलीस प्रमुख. चंबळचे दिवस ते. १३ नोव्हेंबर १९५९ ला भिंड भागात गब्बरसिंग मारला गेला. (हा खरा गब्बर, सिनेमातला नंतरचा.) पुढच्याच वर्षी विनोबा चंबळमध्ये आले आणि काही डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली. रुस्तमजींना हा प्रकार पटला नाही आणि त्यांनी तसं उघड सांगितलं. विनोबांविरुद्ध बोलणं त्या काळी सोपं नव्हतं. कच्छमध्ये एप्रिल १९६५ ला पाकिस्तानी हल्ला झाल्यावर सीमेसाठी एकच केंद्रीय दल हवं हे दिल्लीला पटलं. १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ उभं राहिलं, पहिले प्रमुख रुस्तमजी. बांगलादेशचं १९७१ सालही त्यांच्याच कारकिर्दीत.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम वर्दी उतरवल्यानंतरचं आहे. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारचे तुरुंग बघायला गेले. तिथे खटला न चालताच वर्षानुवर्षं पडलेली माणसं होती. काहींनी तर गुन्हा सिद्ध झाला असता तर झाली असती त्याहून जास्त शिक्षा आधीच भोगलेली. रुस्तमजींनी हे अहवालात दाबून ठेवलं नाही, जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये छापलं. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सुप्रीम कोर्टात गेल्या. हाच तो हुसैनारा खातून खटला. लवकर सुनावणी होणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं कोर्टाने म्हटलं, हजारो कच्चे कैदी सुटले. देशातल्या जनहित याचिकांची वाट तिथून रुंद झाली.

आता आजचा नियम बघा. ३१ मे २०२१ ला केंद्राने पेन्शनच्या नियमात बदल केला. आयबी, रॉ, बीएसएफ वगैरे संस्थांतून निवृत्त झालेल्याला त्या संस्थेच्या कार्यक्षेत्राबद्दल किंवा नोकरीत मिळवलेल्या ज्ञानाच्या आधारावर काही छापायचं असेल तर संस्थाप्रमुखाची आधी परवानगी हवी. मजकूर संवेदनशील आहे का, हेही तोच ठरवणार. मोडलं तर पेन्शनवर गदा. सेवेतली गुपितं जपली पाहिजेत, यात वाद नाही. त्यासाठी गोपनीयतेचा कायदा होताच. खटकतो तो 'ज्ञान' हा शब्द. पस्तीस-चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं नोकरीबाहेरचं ज्ञान उरतं किती? तुरुंगावरचा लेख यातून कदाचित सुटला असता. त्यांच्या डायऱ्यांवरून पी. व्ही. राजगोपाल यांनी पुस्तकं केली. रुस्तमजींनी हयातीत ती स्वतः काढायची म्हटली असती, तर नेहरूंच्या सुरक्षेची आणि बीएसएफची पानं मात्र आधी कुणाच्या तरी टेबलावर गेली असती. परवानगीसाठी थांबलेली फाईल किती दिवस थांबते, हे सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही विचारा.

रुस्तमजींना १९९१ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २००३ मध्ये ते गेले. त्यांनी लिहिलेला प्रश्न मात्र शिल्लक आहे. २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे होते, म्हणजे शंभरात सुमारे ७६. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं, इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळले आहेत. मुदत भरली की कोर्टाला लेखी अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची आहे. ज्यांच्या घरचं माणूस आत आहे, त्यांनी तारखा मोजून अधीक्षकाकडे त्या अर्जाची चौकशी करावी.